चाळणीवर राहिलेल्या ओळी

१

ऑफिसात तिला सगळे चाळणीबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठीमागे चाळणीबाई. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. सव्वीस वर्षं ती तळघरातल्या त्या थंडगार खोलीत बसून मोठ्या मशीनमधल्या याद्या चाळत आली होती. बारा महिने अंगात स्वेटर. नवीन आलेला माणूस हसायचा आणि आठवड्याभरात स्वतःच मफलर गुंडाळून यायचा.

मशीनच्या पोटात सगळं शहर होतं. माणसागणिक एक ओळ. घराचा क्रमांक, पत्ता, नाव, जन्मतारीख, घरातल्या कर्त्याशी नातं. वर्षातून एकदा प्रत्येक घरी छापील चिठ्ठी जायची: तुमच्या घरात खालील माणसं राहतात, बरोबर असल्यास सही करून परत पाठवा. आता हे जुनं मशीन मोडीत निघणार होतं, आणि ओळी नव्या मशीनवर न्यायच्या होत्या. नवं मशीन भलतंच नाजूक. ओळीत छापता न येणारं एखादं अक्षर सापडलं की ते जागच्या जागी बसकण मारायचं. म्हणून आधी चाळायचं काम बाईंकडे.

त्यासाठी सॉर्ट नावाचा जुना प्रोग्राम होता. नावावरून वाटतं, याद्या क्रमाने लावत असेल. लावतोच, पण जाणत्याच्या हाती पडला तर निवडतो, वेचतो, बाजूला काढतो, बदलतोसुद्धा. बाईंची युक्ती साधी होती. छापता येणारी जेवढी म्हणून अक्षरं, आकडे, चिन्हं आहेत, ती सगळी तपासणीपुरती कोरी मानायची. मग ओळीत काहीच उरलं नाही, तर ओळ चांगली. काही उरलं, तर ते छापता न येणारं, ओळ बाजूला.

सोमवारी सकाळी तिने मशीनवर जॉब, म्हणजे चाळायचं काम, सोडला. नऊ लाखांवर ओळी, साडेचार मिनिटं. बाजूला पडल्या दोनशे बारा.

"दोनशे बारा म्हणजे काहीच नाही!" साहेब खुशीत म्हणाले. "मला वाटलं होतं, पाच-सहा हजार तरी निघतील."

बाईंनाही तसंच वाटलं होतं. कचरा कसा असतो हे तिला पाठ होतं. ओळी साठवलेल्या टेपवर ओरखडा आला की ओळीच्या मध्येच दोन-तीन ठिपके पडतात, कारण छापता न येणारं अक्षर पडद्यावर ठिपका होऊन दिसतं. टाइप करणाऱ्याची कळ चुकली की पत्त्यात एखादा ठिपका. कचऱ्याला शिस्त नसते. या ओळींना होती. पत्ते स्वच्छ, घराचे क्रमांक स्वच्छ. जन्मतारखेच्या जागी शून्यं. नात्याच्या रकान्यात 'इतर'. आणि नावाच्या तीस जागांत पहिल्यापासून शेवटपर्यंत तीस ठिपके. नाव कितीही लांबलचक असलं तरी शेवटी दोन-चार जागा मोकळ्या राहतातच. इथे एकही नव्हती.

मशीन प्रत्येक अक्षर आत आकड्याने ओळखतं; तिने ठिपक्यांमागचे ते खरे आकडे काढून पाहिले. दोनशे बारा घरांत तेच तीस आकडे होते, त्याच क्रमाने. आणि प्रत्येक ओळ त्या त्या घरातली शेवटची.

एकच बिघाड दोनशे बारा वेळा झाला असणार, असं तिने ठरवलं आणि डबा उघडला.

२

बाजूला पडलेल्या ओळी पडताळणीच्या टेबलावर जायच्या. तिथे हॅलोमास्तर बसायचे. आवाज असा भरदार की फोन नसता तरी चाललं असतं, असं सगळे म्हणत. त्यांची पद्धत ठरलेली होती. घरी फोन करायचा, आधी किती माणसं ते विचारायचं, मग नावं विचारायची. स्वतःहून काही सुचवायचं नाही. सुचवलं की लोक नुसतं हो हो करतात.

दुपारी तीनच्या सुमाराला ते जिना उतरून तळघरात आले. हे कधी होत नसे. जिन्याशी त्यांचं हाडवैर होतं.

"बाई, जरा वर या. कानाने ऐका. मी सांगितलं तर म्हणाल, मास्तरांचं वय झालं."

"ते मी एरवीही म्हणते," बाई म्हणाल्या, पण उठल्या.

वर गेल्यावर मास्तरांनी एक नंबर फिरवला आणि फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा खोलीत सोडला. पलीकडे एक गॅरेजवाला होता. मागे लोखंडावर हातोडी पडत होती.

"घरात किती जण आपण?"

"सहा." विचार करायला क्षणही लागला नाही.

"नावं सांगता?"

त्याने स्वतःचं सांगितलं, बायकोचं सांगितलं, दोन मुलांची सांगितली, बहिणीचं सांगितलं. मग थांबला.

"पाच झाली," मास्तर म्हणाले.

"हो ना."

"सहावं?"

हातोडी थांबली. कुणीतरी थांबवली असावी.

"सहाच आहोत आम्ही," तो म्हणाला. आवाज एकदम पडला होता. "जेवायला सहा जणं बसतो रोज. तुमच्याकडे जे लिहिलंय तेच राहू द्या ना, साहेब. उगाच कशाला विचारता?" आणि त्याने फोन ठेवला.

मास्तरांनी पुढ्यातला कागद बाईंकडे सरकवला. सकाळपासून एकतीस घरं झाली होती. एकतीस ठिकाणी हेच. आकडा पटकन, आणि नावं एक कमी.

"भाडेकरू असेल," बाई म्हणाल्या. "लोक लपवतात."

"एकतीस घरं? आणि लपवायचंय तर आकडा कशाला खरा सांगतील?"

बाईंनी कागद मास्तरांकडे परत सरकवला. खाली येताना तिच्या लक्षात आलं, की आपण जिन्याच्या पायऱ्या मोजतोय. सव्वीस वर्षांत कधी मोजल्या नव्हत्या. सतरा होत्या. तिने परत वर जाऊन मोजायचं टाळलं.

३

मंगळवारी ती बाजूला पडलेल्या ओळींची यादी छापून घेत होती. एकशे चाळिसावी ओळ तिच्या घरची निघाली.

आधी हसूच आलं. दुसऱ्याच्या घरचा कचरा निवडणारीच्या घरीही निघावा! तिने घराचा क्रमांक घालून सगळ्या ओळी मागवल्या. पहिली तिची स्वतःची. दुसरी धाकटीची. तिसरी ठिपक्यांची.

आई-वडील गेल्यानंतर घरात त्या दोघीच होत्या. धाकटी तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. बाईंनी तिला कडेवर वागवलं होतं, शाळेत सोडलं होतं, तापात रात्री उशाशी बसून काढल्या होत्या. लग्नाचं दोघींचंही राहून गेलं, आणि त्याबद्दल दोघी एकमेकींना मनसोक्त चिडवत. धाकटी घरीच शिवणकाम करायची. गिऱ्हाइकांची ये-जा, मशीनचा खडखडाट, पायात चिंध्या. बाईंना ऑफिसातल्या मशीनच्या दिवसभराच्या त्या थंडगार गुणगुणीनंतर असलं घर हवंच असायचं. जगात तिचं म्हणावं असं एवढंच होतं, आणि तेवढं तिला पुरत होतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा धाकटी गुडघ्यावर बसून एका झग्याची खालची दुमड टाचत होती. तोंडात चार टाचण्या.

"चिमे, आपण घरात किती जणी गं?" बाईंनी चपला काढता काढता, अगदी सहज विचारलं.

"तिघी," धाकटी टाचण्यांमधून म्हणाली.

बाईंचा एक पाय चपलेतच राहिला.

"तिघी कोण?"

"तू, मी आणि..." धाकटीचा हात थांबला. तिने वर पाहिलं, टाचण्या एकेक करून तळहातावर काढल्या. "आणि काय? दोघी! तोंडात टाचण्या असताना कसले हिशोब विचारतेस? गिळली असती एखादी, मग बसली असतीस रडत."

दोघीही हसल्या. जरा जास्तच हसल्या.

बाई हातपाय धुवायला मधल्या खोलीतून गेल्या. खोली रोजचीच होती. भिंतीशी कपाट, दोन खाटा, खिडकी. दोन खाटांच्या मधे मात्र बरीच जागा सोडलेली होती. एवढी कशाला? हलवताना कपाट आडवं आलं होतं, असं काहीतरी कारण असणार. तिने आठवून पाहिलं. आठवलं एवढंच, की त्या मोकळ्या जागेतून त्या दोघी कधीच जात नाहीत. पलीकडच्या खाटेकडे जायचं तर पायथ्याकडून वळसा घालून जातात. आताही ती वळसाच घालून आली होती.

तिने मुद्दाम परत फिरून मधून चालून पाहिलं. दोनच पावलं. काही झालं नाही. फक्त दुसऱ्या पावलाला तिच्या तोंडून निघून गेलं, "जरा सरक गं." आपण हे कुणाला म्हणालो, तिचं तिलाच कळलं नाही.

४

"उडवून टाका," बुधवारी साहेब म्हणाले. "आधी नमुना म्हणून दोन घरं घ्या. काही अडलं नाही, तर उद्या सगळ्याच उडवा. उद्या चार वाजता फाइल नव्या मशीनकडे जाणार, आणि बाजूला पडलेल्या ओळी शून्य पाहिजेत."

बाईंनी यादीतली पहिली दोन घरं घेतली. एक त्या गॅरेजवाल्याचं होतं. दोन्ही घरांच्या सगळ्या ओळी तिने आधी कागदावर छापून ठेवल्या. सॉर्टला एवढंच सांगायचं होतं, की या दोन ओळी गाळ. दोन मिनिटांचं काम. मग तिने पुन्हा चाळणी लावली. दोनशे दहा यायला हव्या होत्या.

दोनशे बारा आल्या.

जॉब चुकला म्हणून तिने डोळ्यांत तेल घालून पुन्हा वाचला. चुकला नव्हता. मग तिने गॅरेजवाल्याचं घर मागवलं. गाळण्याआधी सहा ओळी होत्या, आता पाच. म्हणजे गाळायची ती गाळली गेली होती. पण आता पाचव्या ओळीत नावाच्या जागी तीस ठिपके होते. पत्ता तोच. जन्मतारीख शून्यं नव्हे, खरीखुरी. नातं, बहीण. आधी छापून ठेवलेल्या कागदावर त्याच ओळीत त्या बहिणीचं नाव ठसठशीत होतं. बाईंनी आताची ओळही छापून घेतली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बोटाने जुळवून पाहिले. तळघराच्या थंडीतही तिच्या मानेला घाम आला.

ती धावत वर गेली. हॅलोमास्तरांनी काही न विचारता नंबर फिरवला.

"किती जण आपण घरात?"

"पाच," गॅरेजवाला म्हणाला. त्याने चार नावं सांगितली आणि थांबला.

बाईंनी पद्धत मोडली. मास्तरांच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावला. "आणि तुमची बहीण?"

"बहीण?" तो हसला. "मला बहीण असती तर बरं झालं असतं, बाई. एकटाच मी."

"तुमच्या मागे कोण बोलतंय?"

मागे खरंच कुणीतरी बोलत होतं. बायकी आवाज होता, फोनच्या अगदी जवळचा.

"हां, त्या? सकाळपासून कुणी बाई येऊन बसल्यात. शेजाऱ्यांकडे आल्या असतील, चुकून आमच्यात शिरल्या. चांगल्या घरच्या दिसतात, म्हणून चहा दिला."

"दादा," मागचा आवाज म्हणत होता. ओरडत नव्हता. ओरडून ओरडून दमल्यासारखा होता. "दादा, मी रे. अरे, मी."

मास्तरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

५

आपण केलं. साहेबांनी सांगितलं, पण बोटं आपली. हे बाईंच्या डोक्यातून जाईना. सव्वीस वर्षांत तिने हजारो ओळी गाळल्या होत्या आणि एकदाही त्यापलीकडे काही असेल असं तिच्या मनात आलं नव्हतं.

तिने सोमवारची, काही गाळण्याआधीची टेप काढली. त्यातून त्या दोन घरांच्या ओळी जशाच्या तशा उचलल्या, ठिपक्यांसकट, आणि पुन्हा फाइलमध्ये बसवल्या. बहिणीचं नाव परत जागेवर आलं. ठिपकेही परत आले, सहाव्या ओळीत, शेवटी.

फोन तिनेच लावला.

"बहीण ना? इथेच आहे की," गॅरेजवाला म्हणाला. "देऊ का? अगं ए, तुझा फोन!"

पलीकडून ती बहीण फोनवर आली, हॅलो म्हणाली, आणि बाईंनी फोन ठेवून दिला. डोळे भरून आले होते. मास्तर दुसरीकडे बघत चष्मा पुसत होते.

तिथून ती सरळ साहेबांकडे गेली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो, फक्त त्याच्या डोक्यावर आणखी तीन साहेब होते.

"बाई, वर मी काय सांगू? फोनमधून कुणीतरी दादा दादा म्हणत होतं, म्हणून फाइल थांबवली?"

"दोन दिवस द्या."

"उद्या चार. नावं भरा नाहीतर उडवा, मला दोन्ही चालेल. तुम्हाला जमत नसेल तर सांगा, मी स्वतः बसून गाळतो. एका ओळीची तर आज्ञा आहे."

हे खरं होतं. एका ओळीचीच होती. ती एक ओळ लिहिली गेली, की दोनशे बारा घरांतलं शेवटून दुसरं माणूस उद्या संध्याकाळी आपल्याच घरात पाहुण्यासारखं बसलेलं असणार. आणि तिच्या घरातली शेवटून दुसरी ओळ धाकटीची होती.

त्या संध्याकाळी तिने धाकटीला यातलं काही कळू दिलं नाही. धाकटी एका गिऱ्हाइकाच्या नकला करून दाखवत होती आणि बाई नुसत्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"अशी काय बघतेस? दृष्ट लागेल ना मला," धाकटी म्हणाली.

६

गुरुवारी ती आठलाच येऊन बसली. गाळायचं नाही, तर भरायचं. सॉर्टला तेही येतं. बाजूला पडलेल्या प्रत्येक ओळीत अमुक जागेपासून अमुक जागेपर्यंत अमुक अक्षरं लिही, म्हटलं की लिहितो. दोनशे बारा ओळी, एक आज्ञा, एक नाव.

आधी तिने फक्त आपल्या घरच्या ओळीवर करून पाहिलं. लिहिलं, 'नाव नाही'. पुन्हा चाळली. ओळ बाजूला पडली. उघडून पाहिली, तर तीस ठिपके.

मग तिने एक नाव रचलं. असं नाव, आडनाव एकत्र कुणाचंच नसेल असं. नऊ लाख ओळींत शोधून खात्री करून घेतली. ठिपके.

दहा वाजता तिने वडिलांचं नाव लिहिलं. लिहिताना मनात माफी मागितली. वडील जाऊन चौदा वर्षं झाली होती. ठिपके आलेच, पण या वेळी जरा उशिराने आले. आत काय चाललं होतं कोण जाणे, पण तिला वाटलं, कुणीतरी ते नाव अंगाला लावून पाहिलं आणि टाकून दिलं.

म्हणजे जिवंत माणसाचं हवं होतं.

हे कळल्यावर ती उठून दोनदा पाणी प्यायली. मशीन गुणगुणत होतं. काचेपलीकडे टेपा फिरत होत्या, थांबत होत्या. बारा वाजले. साहेबांचं नाव तिच्या बोटांवर आलं. खोटं कशाला, अगदी अर्ध्याहून जास्त लिहून झालं होतं. मग तिला आठवलं, की त्यांची बायको रोज साडेपाचला फाटकाशी स्कूटरवर त्यांची वाट बघत थांबते आणि दोघं सारखे भांडत भांडत घरी जातात. तिने ते पुसलं. मास्तरांचं मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. यादीत नऊ लाख नावं होती. डोळे मिटून एक उचललं असतं, तर कुणाला कळलं असतं? पण प्रत्येक नावाखाली एक घर छापलेलं होतं. सव्वीस वर्षं तीच तर घरं तिने सांभाळली होती.

उरलं एकच नाव, जे द्यायचा हक्क तिला होता.

तिला भीती वाटली नाही असं नाही. पण धाकटीचं काय होईल हे तिला माहीत होतं, आणि आपलं काय होईल हे नक्की माहीत नव्हतं. एकाच नावाची दोन माणसं असतातच की जगात. कदाचित काहीच होणार नाही. असा विचार करत करत तिने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, आपलं, वडिलांचं, आडनाव. मग खालची अट बदलली. एका घरापुरती नको, सगळ्या दोनशे बारा ओळींना लागू.

तीन वाजून दहा मिनिटांनी जॉब सोडला. चाळणी लावली.

बाजूला पडलेल्या ओळी: शून्य.

वर गेली तर हॅलोमास्तर फोनवर होते. त्यांनी डोळ्यांनीच तिला थांबायला सांगितलं आणि आवाज खोलीत सोडला. गॅरेजवाला एका दमात सहा नावं सांगत होता. बहिणीचं पाचवं. सहावं सांगताना त्याचा आवाज मायेने भरला होता, घरातल्या माणसाबद्दल बोलताना भरतो तसा. ते नाव बाईंचं होतं.

"झालं की हो काम!" मास्तरांनी फोन ठेवला. चेहऱ्यावर तीन दिवसांनी रंग आला होता. मग त्यांनी भुवया उंचावून तिच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि अदबीने म्हणाले, "बसा ना. कुणाकडे काम होतं आपलं?"

७

घराचा जिना चढताना शिवणाच्या मशीनचा आवाज येत होता. दार उघडंच होतं. गिऱ्हाइकांसाठी ते नेहमी उघडं असायचं.

धाकटी पायाने मशीन थांबवत वळली. "या, या. शिवायला टाकायचंय ना? आत या, पायाखाली बघा तेवढं, चिंध्या पडल्यात."

"चिमे," बाई म्हणाल्या.

धाकटीच्या भुवया वर गेल्या आणि ती हसली. "अय्या, माझं घरातलं नाव कसं माहीत तुम्हाला? ताईच्या ऑफिसातल्या का तुम्ही? ताई आत्ताच आली बघा."

मधल्या खोलीच्या दाराला पडदा होता. आत कुणीतरी वावरत होतं, कपाट उघडत होतं, मिटत होतं.

"ताई, टेप दे गं. खाटेवर राहिलीय."

"देते," आतून आवाज आला. बाईंनी स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकला नव्हता. पण ओळखला.

पडद्याच्या वरच्या कडेपाशी, जिथे छताचा कोपरा सुरू होतो तिथे, टेप धरलेली बोटं आली. खाली वाकून धाकटीच्या हाताशी पोहोचली, आणि परत वर गेली. धाकटीने मान वर न करता टेप घेतली, रोजचंच असावं तशी.

"हात जरा उचला," ती बाईंना म्हणाली. तिने खांदे मोजले, पाठ मोजली. तिच्या बोटांना खडूचा वास येत होता. "किती गार पडलात हो तुम्ही! स्वेटर घालूनसुद्धा. चहा टाकू का?"

"नको. तुमचं नाव काय?" बाईंनी विचारलं.

धाकटीने सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, कुठेही न अडखळता. बाईंनी डोळे मिटले. बरं वाटलं. इतकं बरं, की त्या क्षणापुरतं बाकी कशाचंच काही वाटेना.

"आणि घरात तिघी आम्ही," धाकटी आपणहून म्हणाली. "मी, ताई आणि..." ती थांबली. टेपेची घडी घालता घालता तिने पडद्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि हसली. "काय बोलतेय मी. दोघीच."

तिने वही ओढली, नवं पान काढलं, वर तारीख घातली. खाली मापं भराभर लिहिली. पेन्सिल पानाच्या वरच्या कोपऱ्यात नेऊन टेकवली.

"काय लिहू नाव?"

बाईंनी तोंड उघडलं. जिभेवर आलेलं नाव आता आतल्या बाईचं होतं. मधल्या खोलीतला कपाटाचा आवाज थांबला. पडदा हलायचा थांबला. आतही कुणीतरी उत्तराची वाट पाहत होतं.

"सांगा ना," धाकटी म्हणाली. "हळू सांगितलंत तरी चालेल."